बुडापेस्ट, बुखारेस्ट आणि एक ओटीपी

बुडापेस्टहून परत आले त्या आठवड्यात सांगलीच्या आत्याचा फोन आला. "अगं, त्या ड्रॅक्युलाचा वाडा बघितलास का?"

म्हटलं, "आत्या, तो रोमानियात. तिकडे बुखारेस्टला जावं लागतं."

"मग तू कुठे गेली होतीस?"

"हंगेरीत. बुडापेस्टला."

पलीकडे जरा शांतता. मग, "हां, तेच ते."

आत्याला हसण्यात अर्थ नाही. आपल्याकडे ही दोन्ही नावं घराघरात पोचली तीच मुळी जोडीने. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि तिथे वैद्यकीय शिक्षण घेणारी भारतीय मुलं सीमा ओलांडून शेजारच्या देशांत शिरली. 'ऑपरेशन गंगा'चं पहिलं विमान २६ फेब्रुवारीला बुखारेस्टहून २१९ जणांना घेऊन मुंबईत उतरलं, पाठोपाठ बुडापेस्टहूनही विमानं सुटू लागली. टीव्हीच्या खालच्या पट्टीवर दिवसभर दोन्ही नावं आलटून पालटून पळायची. ज्यांचं पोर तिकडे होतं त्यांनाच काय तो फरक कळत होता.

मी जर्मनीत राहते. इथल्या मराठी मंडळींत 'लाँग वीकएंडला स्वस्तात कुठे जायचं' हा विषय निघाला की ही दोन शहरं हमखास येतात, आणि 'दोन्ही पूर्व युरोप, दोन्ही स्वस्त, काय फरक पडतो' असं म्हणून जिथलं तिकीट कमी तिथलं काढलं जातं. फरक पडतो. दोन्ही स्वस्त आहेत हे खरं, पण दोघांची स्वस्ताई वेगवेगळ्या जातीची आहे.

आधी नावांचं. बुडापेस्ट हे १८७३ साली जोडून केलेलं नाव. डॅन्यूबच्या पश्चिमेला डोंगरावरचं बुडा आणि ओबुडा, पूर्वेला सपाटीवरचं पेस्ट. हंगेरियन माणूस 'बुदापेश्त' म्हणतो. बुखारेस्टला रोमानियन माणूस 'बुकुरेश्त' म्हणतो. बुकुर नावाच्या मेंढपाळाने ते वसवलं अशी दंतकथा आहे. म्हणजे मूळ उच्चारात तर गोंधळ आणखी वाढतो. बुखारेस्टचा पहिला लेखी उल्लेख २० सप्टेंबर १४५९ च्या कागदात सापडतो, आणि तो कागद आहे व्लाद त्सेपेशचा. लोकांना सुळावर चढवणारा हाच तो व्लाद, ज्याच्या नावावर पुढे ड्रॅक्युला चिकटला. गंमत म्हणजे १४६२ मध्ये हंगेरीच्या मात्याश राजाने त्याला पकडून बरीच वर्षं आपल्याकडे कैदेत ठेवलं होतं. तेव्हा आत्या अगदीच चुकली नव्हती.

तिकीट काढताना मात्र चूक परवडत नाही. बुकिंगच्या चौकटीत 'बु' टाईप केलं की दोन्ही नावं एकाखाली एक येतात, आणि रात्री साडेअकराला स्वस्त भाडं दिसलं की बोट कुठेही पडतं. म्हणून विमानतळाचा कोड बघायचा. बुडापेस्टचा बीयूडी. बुखारेस्टचा विमानतळ ओतोपेनी गावात आहे, म्हणून त्याचा कोड ओटीपी. भारतीय माणसाला हा लक्षात ठेवायला वेगळं सांगायला नको.

व्हिसाच्या बाबतीत जुनी माहिती अजून फिरते आहे. हंगेरी २००७ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. रोमानिया बाहेर होता, त्यामुळे दोन्ही शहरं करायची तर वेगळी जुळवाजुळव करावी लागे. आता ते संपलं. रोमानियासाठी ३१ मार्च २०२४ पासून विमान आणि बोटीचे मार्ग, आणि १ जानेवारी २०२५ पासून जमिनीवरची सीमाही शेंगेनमध्ये आली. भारतातून येणाऱ्याला एकच शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो. मोठ्यांना फी ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज; रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार तिथे.

दोन्ही देश युरोपीय संघात असले तरी युरो दोन्हीकडे चालत नाही. हंगेरीत फोरिंट, एका रुपयाला साधारण चार. म्हणजे हॉटेलचं बिल चाळीस हजार आलं तरी छातीत धस्स होऊ द्यायचं नाही, चाराने भागायचं. रोमानियात लेउ, अनेकवचन लेई. एक लेउ साधारण वीस रुपयांचा. लेउ म्हणजे सिंह. दोन्हीकडे कार्ड सर्रास चालतं. मशीनने 'युरोत घेऊ की स्थानिक चलनात' विचारलं तर डोळे झाकून स्थानिक चलन. युरोचं बटण दाबलं की त्यांचा दर लागतो, आणि तो कधीच आपल्या फायद्याचा नसतो.

आता मुद्द्यावर येते. बुडापेस्टचं सौंदर्य सगळं बाहेर मांडून ठेवलेलं आहे, आणि बाहेरून बघायला पैसे पडत नाहीत. २ नंबरची ट्राम पकडायची. मार्गारेट पुलापासून ती नदीच्या काठाकाठाने निघते. उजव्या हाताला आधी संसद, मग पाणी, पलीकडे बुडाचा किल्ला, मग १८४९ चा साखळी पूल, आणि शेवटी मोठी मंडई. एका साध्या तिकिटात हे सगळं. अंधार पडल्यावर दिवे लागतात तेव्हा परत एकदा जायचं. लोक याच दृश्यासाठी बोटीला भरपूर पैसे मोजतात. मी दोन्ही केलं आहे, ट्रामच्या खिडकीतून जास्त आवडलं. संसदेची उंची ९६ मीटर, सेंट स्टीफन बॅसिलिकाचीही ९६, कारण हंगेरियन लोकांचे पूर्वज, म्हणजे मग्यार टोळ्या, इथे आल्या ते वर्ष ८९६ मानतात. संसदेपासून जरा खाली, काठावर, लोखंडी बुटांच्या साठ जोड्या ठेवल्या आहेत. १९४४-४५ मध्ये ज्यूंना तिथे बूट काढायला लावून गोळ्या घातल्या आणि नदीत ढकललं. काही बुटांत कुणी फुलं खोचून जातं. तिथे तिकीट नाही, पहारेकरी नाही.

दाराच्या आत पाऊल टाकलं की मात्र बुडापेस्ट पैसे घेतं. संसद आतून बघायची तर युरोपीय नागरिकांच्या साधारण दुप्पट तिकीट आपल्याला पडतं, आणि जर्मनीचा रहिवासी परवाना दाखवून उपयोग नाही. पासपोर्ट कुठला ते विचारतात. सेचेनी स्नानगृहाचं तिकीट बारा हजार फोरिंटच्या पुढे, म्हणजे माणशी तीन हजार रुपये. माझं मत विचाराल तर संसद बाहेरून बघा आणि ते पैसे स्नानगृहात घाला. जानेवारीत हवा शून्याखाली, पिवळ्या इमारतीच्या मधोमध उघड्यावर गरम पाण्याचा तलाव, वर वाफ, आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसून बुद्धिबळ खेळणारे आजोबा. हे स्नानगृह उघडलं १९१३ साली. त्याच साली याच शहरात अमृता शेरगिलचा जन्म झाला. पोहण्याचे कपडे, टॉवेल आणि सपाता घरून न्या. तिथे भाड्याने घेतलं की तीन हजारांचे चार होतात.

सेचेनीला जाणारी मेट्रो हीच एक बघण्याची गोष्ट आहे. १८९६ ची, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली. रस्त्यावरून थोड्या पायऱ्या उतरलं की लगेच फलाट, पांढऱ्या फरशा, लाकडी चौकटी, आणि खेळण्यातल्यासारखी पिवळी गाडी. इथेच आमचा घात झाला. कागदी तिकीट विकत घेतलं म्हणजे झालं, असं आम्ही धरून चाललो. ते पायऱ्यांपाशी असलेल्या छोट्या पेटीत सरकवून त्यावर ठसा उमटवावा लागतो. ठसा नाही तर ते तिकीट नाही. नवऱ्याने खिशातून दोन कोरी करकरीत तिकिटं अभिमानाने काढून दाखवली आणि तपासनिसाने तेवढ्याच शांतपणे दंडाची पावती फाडली. तीन दिवस राहायचं असेल तर बहात्तर तासांचा पास घ्या, साडेपाच ते सहा हजार फोरिंटच्या आसपास. ठशाची भानगडच नाही. फक्त विमानतळावरून येणाऱ्या १००ई बसला हा पास चालत नाही, तिचं तिकीट वेगळं. २०० ई बस आणि पुढे मेट्रो, असं आलात तर पासात बसतं.

बुखारेस्टला असलं काही नाही. मेट्रोच्या फाटकावर बँकेचं कार्ड टेकवा आणि चला. विमानतळावरून २०२० च्या डिसेंबरपासून थेट रेल्वे आहे, वीस-पंचवीस मिनिटांत गारा दे नोर्द स्टेशनात. बाहेर पडल्यावर मात्र पहिला तास निराशेचा जातो, हे आधीच सांगून ठेवते. करडे ब्लॉक, डोक्यावर केबलींची जाळी, नदी आहे पण दुंबोवित्सा म्हणजे सिमेंटच्या पाटात वाहणारं पाणी. डॅन्यूब इथून बरीच दक्षिणेला. बुडापेस्ट पाहून आलेला माणूस इथे 'फसलो' म्हणतो.

हे शहर डोळ्यांनी कमी आणि गोष्टींनी जास्त बघायचं असतं. ४ मार्च १९७७ च्या भूकंपात इथे इमारती कोसळून चौदाशेच्या आसपास माणसं गेली. तेव्हाचा कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कू याने ती संधी साधली. जुन्या शहराचा मोठा तुकडा, हजारो घरं, देवळं, मठ पाडून १९८४ मध्ये त्याने तिथे स्वतःचा महाल बांधायला घेतला. आजचं संसद भवन. साडेतीन लाख चौरस मीटरच्या वर पसारा. तो पुरा व्हायच्या आधीच डिसेंबर १९८९ मध्ये लोकांनी चाउशेस्कूला पळवून लावलं. ज्या सज्जातून त्याने शेवटचं भाषण केलं तो सज्जा क्रांती चौकात अजून आहे. महाल आतून बघायला मूळ पासपोर्ट लागतो, मोबाईलमधला फोटो चालत नाही. तो बघाच. पण मला त्याहून लक्षात राहिलं ते मिहाय व्होदाचं चर्च. पाडापाडीत ते जाणार होतं. एका इंजिनिअरने सुचवलं की पाया कापून, रुळांवर चढवून सरकवू. १९८५ मध्ये ते २८९ मीटर सरकवलं. आज ते शोधायला ब्लॉकच्या मागच्या बोळात शिरावं लागतं. वर कुणाच्या तरी गॅलरीत चादरी वाळत असतात, गाड्या वाकड्यातिकड्या लावलेल्या, आणि मध्येच सोळाव्या शतकातलं विटांचं चर्च, जणू कुणाला दिसू नये म्हणून उभं केलेलं. प्रवेश फुकट.

काल्येया व्हिक्टोरिए या जुन्या रस्त्यावर, पूर्वीच्या राजवाड्यात, राष्ट्रीय कलासंग्रहालय आहे आणि तिथे ब्रांकुशीची सुरुवातीची शिल्पं आहेत. हाच तो ब्रांकुशी ज्याला इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी ध्यानमंदिर उभारायला बोलावलं होतं. तो इंदूरला आलाही. मंदिर काही झालं नाही.

जेवणात बुखारेस्ट आपल्या लोकांना जास्त सोसतं. बुडापेस्टला शाकाहारी माणसाचा आधार म्हणजे लांगोश: भटुऱ्याचा थोरला भाऊ, वर लसूण, आंबट साय आणि किसलेलं चीज. मस्त लागतो, पण दोन दिवस सलग खाऊन बघा. मंडईच्या वरच्या मजल्यावर खाल्लात तर महागही पडतो. बुखारेस्टला एक शब्द पाठ करा: 'दे पोस्त'. ऑर्थोडॉक्स लोकांचे उपवास वर्षभर चालू असतात, आणि त्यांच्या उपवासाला मांस, अंडी, दूध काही चालत नाही. कांदा, बटाटा, वांगं, डाळी सगळं चालतं. मेनूत हा शब्द दिसला की विचारपूस न करता मागवायचं. भाजलेल्या वांग्याचं सालाता दे विनेते हे आपलं भरीतच, फोडणीशिवायचं. मक्याच्या पिठाची मामालिगा म्हणजे घट्ट उकड. रस्त्यावर दोन-चार लेईंना गरम कोव्हरिग मिळतो, तीळ लावलेलं पावाचं कडं. एकात नाश्ता होतो.

राहण्याच्या बाबतीत दोन इशारे. बुडापेस्टचा सातवा जिल्हा स्वस्त आणि मध्यवर्ती, पण पडक्या वाड्यांतले ते प्रसिद्ध बार तिथेच आहेत; शनिवारी रात्री तीनपर्यंत खिडकीखाली गाणी चालतात. बुखारेस्टमध्ये मध्यवस्तीतला जुना, उंच छताचा, फारच स्वस्त फ्लॅट दिसला तर इमारतीच्या दाराशेजारची भिंत फोटोत नीट बघा. लाल गोल चकती लावलेली असेल तर मोठ्या भूकंपात ती इमारत कोसळण्याचा धोका मोठा आहे असं सरकारनेच ठरवलेलं असतं. मी दुसरी बघते.

हाताशी तीनच दिवस असतील तर बुडापेस्ट, यात मला शंका नाही. तिकिटाचे दोन पैसे जास्त गेले तरी. बुखारेस्टची स्वस्ताई पाच दिवस राहिल्याशिवाय वसूल होत नाही, कारण खरा माल शहराबाहेर आहे. सकाळच्या रेल्वेने दीड-दोन तासांत सिनाया, तिथे पेलेशचा राजवाडा. त्याच मार्गावर पुढे ब्राशोव, आणि तिथून आत्याचा तो ब्रानचा किल्ला, ज्यात व्लाद बहुधा कधी राहिलाच नाही.

दोन्ही एकाच फेरीत करायची असतील तर आधी बुखारेस्ट. दोन शहरांमधली रेल्वे रात्र खाऊन वर दिवसातलेही काही तास घेते, तेव्हा विमानच बरं. रोमानियाचं घड्याळ हंगेरीच्या एक तास पुढे आहे. संध्याकाळच्या विमानाने बुडापेस्टला उतरलात की तेवढा एक तास परत मिळतो, आणि २ नंबरची ट्राम तेव्हा चालू असते.