शेवंती थंडीमुळे फुलत नाही, रात्रीमुळे फुलते

थंडी पडली की शेवंतीला कळ्या येतात, हे लहानपणापासून ऐकत आलोय आपण सगळेच, पण ते अर्धवट खरंय. थंडीचा थोडाफार परिणाम होतो, काही जाती उष्ण हवेत कळी धरायला अडतात वगैरे, पण कळी धरायचा मुख्य इशारा असतो रात्रीची लांबी. पुण्यात जूनच्या शेवटी दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकराच्या आसपास, आणि झाड हे बरोब्बर मोजतं.

१९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि ॲलार्ड या शास्त्रज्ञांनी तंबाखूवर हे दाखवलं, उन्हाळ्यात नुसतीच वाढत राहणारी झाडं रोज काही तास अंधारात ठेवली आणि ती फुलली! पुढे कळलं की दिवस लहान असणं नाही तर सलग अंधार महत्त्वाचा, कारण मधेच थोडा वेळ जरी दिवा लावला तरी सगळं बिघडतं. पानातलं फायटोक्रोम नावाचं द्रव्य उजेड ओळखतं.

म्हणून तुमची कुंडी बाल्कनीत रस्त्यावरच्या दिव्याखाली असेल तर खत वाढवून उपयोग नाही, आधी ती रात्री अंधार राहील अशा कोपऱ्यात हलवा. पॉलिहाऊसवाले हेच उलटसुलट वापरतात, काळं कापड टाकून फूल लवकर आणतात, रात्री बल्ब लावून लांबवतात. भांगेचं झाडही बहुतेक असंच, मात्र तिच्या काही जाती वयानुसार फुलतात, त्यांना रात्रीचं काही पडलेलं नसतं.