पार्श्वभूमी : ‘दिव्यांग मतदार’ कोणाला म्हणायचे?

अपंगांसाठीचा 1995 चा कायदा आणि त्यातले तीन टक्के आरक्षण सगळ्यांना पाठ आहे. मतदानाकडे लक्ष गेले ते बरेच नंतर. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्रांवर लाकडी रॅम्प आले, पुढे यंत्रावर ब्रेल. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले.

‘दिव्यांग’ हा शब्द सन्मानाचा की नुसता गोंजारण्याचा, हा वाद चालू राहील. कार्यकर्त्याचे घोडे अडते ते वेगळ्याच ठिकाणी. घरबसल्या टपाली मतदान करायचे तर किमान 40 टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र हवे. केंद्रावर सोबती न्यायचा तर टक्केवारीचा प्रश्नच येत नाही. चिन्ह दिसत नाही किंवा मदतीशिवाय बटण दाबता येत नाही, एवढी केंद्राध्यक्षाची खात्री पटली की झाले (निवडणूक संचालन नियमांतला नियम 49-एन). सोबती 18 वर्षांचा हवा आणि दिवसभरात एकाच मतदारासोबत. सोलापूरच्या पूर्व भागात मोतीबिंदूने नजर गेलेल्या विडी कामगार आजीकडे अपंगत्वाचे कार्ड नसते, तरी नातू तिच्यासोबत आत जाऊ शकतो. ‘आधी कार्ड दाखवा’ हे दारातले बोलणे नियमात कुठेच नाही.

घरून मतदानाची सोय या नियमांच्या 2019 च्या दुरुस्तीने आली. त्यासाठीचा अर्ज, नमुना 12-ड, निवडणुकीच्या अधिसूचनेनंतर 5 दिवसांत द्यावा लागतो, आणि प्रचार तापेपर्यंत ही मुदत टळलेली असते. अर्ज मंजूर झाला की मतदार यादीत नावापुढे ‘पीबी’ (पोस्टल बॅलट, म्हणजे टपाली मत) लागते. मग केंद्रावर गेलात तरी मत देता येत नाही.

प्रचारकांची नेहमीची चूक रिक्षाची. उमेदवाराच्या वतीने मतदारांना वाहनाने केंद्रावर नेणे हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(5) खाली भ्रष्ट आचरण आहे, मग हेतू कितीही चांगला असो. गाडी प्रशासनाकडेच मागायची, तीही आधी.

हे सगळे शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण सोलापूर अशा विधानसभेच्या किंवा लोकसभेच्या मतदानाला. महापालिकेला 12-ड चालत नाही. चार नगरसेवकांच्या प्रभागात मते चार, आणि यंत्रावरच्या प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा: अ पांढरा, ब गुलाबी, क पिवळा, ड निळा. न दिसणाऱ्याला रंग सांगून काय उपयोग? शिवाय बझर वाजतो तो चारही मते दिल्यावरच. त्यामुळे प्रचारात नाव-चिन्हाबरोबर बटणाचा क्रमही सांगावा. दोन जागांच्या उमेदवारांच्या याद्या एकाच यंत्रावर आल्या, तर ‘ब’ मधला पहिला उमेदवार पहिल्या बटणावर नसतो.