सरकारी घरातले ढेकूण, उंदीर आणि राहणाऱ्याचा हक्क

पावसाळा लागला की नाशिकच्या सरकारी वसाहतींत आणि महापालिकेच्या घरकुलांत तक्रारींना तोंड फुटतं. ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण फुटलेलं, डक्टमध्ये गळका पाइप, त्याखाली बारमाही ओल. रात्री दिवा लावला की ओट्यावरची झुरळं पांगतात आणि सकाळी जिन्याखाली घुशीने उकरलेल्या मातीचा ढीग दिसतो. राहणारा खिशातले पैसे घालून पेस्ट कंट्रोल करून घेतो. थोड्याच दिवसांत त्याच डक्टमधून, शेजारच्या बंद घरातून, सगळं परत येतं. हे काम मुळात कोणाचं, याचं सरळ उत्तर कोणत्याही एका कायद्यात सापडत नाही. ते का सापडत नाही, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

सुरुवात ढेकणांपासूनच होते. इंग्लंडमधल्या ब्रायटन इथे १८४३ मध्ये मॅरेबल दांपत्याने पाच आठवड्यांसाठी, आठवड्याला आठ गिनी भाड्याने, सामानसुमानासह घर घेतलं. ढेकणांनी ते इतकं भरलेलं होतं की मंडळी मुदतीआधीच निघून गेली. मालक भाड्यासाठी कोर्टात गेला आणि हरला. सामानासह दिलेलं घर राहण्याजोगं असलंच पाहिजे, असं न्यायाधीशांनी सांगितलं. पण पाठोपाठ आलेल्या ‘हार्ट विरुद्ध विंडसर’ खटल्यात तक्रार ढेकणांचीच असूनही निकाल उलटा लागला, कारण ते घर रिकामं, सामानाशिवाय दिलेलं होतं. रिकामं घर जसं असेल तसं घ्या, हा नियम तिथे पक्का झाला. आपल्याकडचा १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा याच मुशीतला. मालकाने घरातला छुपा दोष सांगावा, एवढं त्यात आहे. घर दुरुस्त ठेवण्याची सरसकट जबाबदारी मात्र त्याच्यावर नाही.

पुढे प्लेग आला. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला त्याची पहिली नोंद झाली आणि ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. त्या कायद्याने सरकारला लोकांच्या घरात शिरण्याचे अधिकार मिळाले. झडत्या झाल्या, सामान बाहेर काढून जाळलं गेलं, कौलं उतरवून उजेड आत सोडला गेला, भिंतींना चुना मारला गेला. मुंबईत राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ अशी अक्षरं रंगवली जात. या साथीने नाशिक तालुक्यालाही सोडलं नाही. १८९९ मध्ये भगूरला विनायक दामोदर सावरकरांचे वडील प्लेगनेच गेले.

प्लेगचा जंतू उंदरावरच्या पिसवेतून माणसात येतो, हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिलं होतं. ते सरकारी यंत्रणेने मान्य करायला जवळपास दहा वर्षं गेली. तोवर सगळा रोख राहणाऱ्यावर होता. गरिबाची सवय घाणेरडी म्हणून रोग येतो, ही समजूत त्या काळात कागदोपत्री रुजली आणि माझ्या मते ती अजून गेलेली नाही. डेंगीच्या दिवसांत महापालिकेचा मलेरिया विभाग घरातला कूलर, कुंडी, पिंप तपासतो, अळ्या सापडल्या तर नोटीस देतो, दंड करतो. ते योग्यच आहे, कारण डेंगीचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पण इमारतीच्या गच्चीवरची उघडी टाकी किंवा तळमजल्यावर साचलेलं ड्रेनेज ही भाडेकरूच्या हातातली गोष्ट नसते. तिथे नोटीस कोणाच्या नावाने निघणार?

भाडेकरूला दुरुस्तीचा खरा हक्क मिळाला तो १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने. मालकाने घर दुरुस्त ठेवायचं. नोटीस देऊनही त्याने केलं नाही तर भाडेकरूने स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करायचा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातही कलम १४ मध्ये हीच तरतूद आहे. नोटीस पंधरा दिवसांची, आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतची रक्कम वळती करता येते. जुन्या नाशकातल्या वाड्यांत, जिथे भाडं नाममात्र असतं, तिथे या चतुर्थांशात उंदरांची बिळं बुजवण्याइतकं सिमेंटही येत नाही. तरी हक्क आहे, आणि मालकाने पाणी किंवा सफाईची सोय तोडली तर कलम २९ खाली दादही मागता येते.

सरकारी घरात राहणाऱ्याला मात्र यातलं काहीच लागू नाही. १९४७ चा कायदा सरकारच्या आणि स्थानिक संस्थांच्या मालकीच्या जागांना लावलाच नव्हता, आणि १९९९ चा कायदाही कलम ३ ने त्यांना वगळतो. या सवलतीला बाबुराव शांताराम मोरे विरुद्ध मुंबई गृहनिर्माण मंडळ या खटल्यात आव्हान दिलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. सरकार, पालिका किंवा मंडळ नफ्यासाठी भाडं वाढवणार नाही, भाडेकरूला उगाच काढणार नाही, म्हणून त्यांच्यापासून संरक्षणाची गरज नाही, असा त्यामागचा विचार होता. भाडेवाढीपुरता तो पटण्यासारखा आहे. पण त्याच सवलतीबरोबर दुरुस्तीचा हक्कही निघून गेला, याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. सार्वजनिक मालक नफेखोर नसला तरी निष्काळजी असू शकतो, आणि राहणाऱ्याला त्रास या निष्काळजीपणाचा होतो.

नाशिकला ही उणीव जास्त जाणवते, कारण इथे सार्वजनिक मालक बरेच आहेत. नाशिकरोडचा नोटांचा छापखाना १९२८ पासूनचा. त्याशिवाय रेल्वे, पोलीस लाइन, एकलहऱ्याचं वीज केंद्र, ओझरची एचएएल टाउनशिप, देवळालीचा लष्करी भाग. प्रत्येकाची वसाहत वेगळी, देखभालीचा विभाग वेगळा. राज्य सरकारच्या क्वार्टरमध्ये तक्रार सार्वजनिक बांधकाम विभागाच्या शाखा अभियंत्याकडे जाते. तिथे खिडकी बदलण्याचं अंदाजपत्रक निघू शकतं, झुरळांचं निघत नाही. त्यामुळे कीड ही राहणाऱ्याने स्वतःच निस्तरायची गोष्ट होऊन बसते.

२००५ च्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानात नाशिकचा समावेश झाला आणि चुंचाळे, वडाळा अशा ठिकाणी महापालिकेची घरकुलं उभी राहिली. तिथे झोपडीतून आलेली माणसं ‘लाभार्थी’ म्हणून राहतात. ती भाडेकरू नाहीत आणि मोकळेपणाने घर विकू शकणारे मालकही नाहीत. म्हाडाची घरं बहुतेक विकत दिली जातात, त्यामुळे पुढची देखभाल सोसायटीवर येते. तिथे निदान कोणाला विचारायचं ते ठरलेलं असतं.

केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेला आदर्श भाडेकरू कायदाही इथे उपयोगाचा नाही. त्याच्या परिशिष्टात मालकाच्या वाट्याला इमारतीची मूळ दुरुस्ती, रंगकाम, नळाचे पाइप, वायरिंग आहे. भाडेकरूच्या वाट्याला ड्रेनेज साफ करणं आणि खिडकीची जाळी बदलणं. आणि सरकारी मालकीच्या जागा त्यातूनही वगळल्या आहेत. न्यूयॉर्क शहराने २०१८ च्या स्थानिक कायद्यात झुरळं, उंदीर आणि बुरशी यांची कारणं दुरुस्त करण्याची जबाबदारी स्पष्टपणे मालकावर टाकली. दम्याच्या मुलांचा प्रश्न म्हणून तो कायदा झाला. फक्त औषध मारून भागत नाही. फटी बुजवा, गळती थांबवा, असं त्यात आहे.

आपल्याकडे भाडेकायद्याबाहेर मात्र वाटा निघाल्या, आणि त्या न्यायालयांनी काढल्या. १९८९ मध्ये द्वारकादास मर्फातिया विरुद्ध मुंबई पोर्ट ट्रस्ट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भाडेकायद्यातून सूट असली तरी सार्वजनिक मालकाला मनमानी करता येणार नाही. १९९३ मध्ये लखनऊ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सरकारी प्राधिकरणाने घरं बांधून देणं ही ग्राहक कायद्याखालची सेवा ठरली. चमेली सिंग खटल्यात निवाऱ्याच्या हक्काचा अर्थ सांगताना सुरक्षित बांधकामाबरोबर स्वच्छ परिसर, उजेड, हवा, पाणी आणि सांडपाण्याची सोय हेही मोजलं गेलं.

मला यात सर्वात मोलाचा वाटतो तो १९८० चा रतलामचा निकाल. मध्य प्रदेशातल्या त्या गावात उघड्या गटारांच्या दुर्गंधीने आणि डासांनी हैराण झालेले रहिवासी दंडाधिकाऱ्याकडे गेले. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठाने ती सबब मोडून काढली आणि ठरावीक मुदतीत गटारं बांधायला, डास हटवायला लावलं. तेव्हा आधार होता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ चा. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. हे कलम सार्वजनिक उपद्रवाचं आहे, त्यामुळे एका घरातल्या ढेकणांसाठी ते चालणार नाही. पण अख्ख्या इमारतीचं ड्रेनेज फुटलेलं असेल आणि डास-उंदरांचा त्रास सगळ्या वसाहतीला असेल, तर तिथले रहिवासी एकत्र येऊन प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे, अर्ज करू शकतात. सोबत आधीच्या अर्जांच्या आवक क्रमांकासह पोचा लागतात, म्हणून शाखा अभियंत्याकडे नुसती तोंडी तक्रार करून भागत नाही.