माठ मातीत पुरला तर

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला की घरोघरचे माठ पाझरू लागतात. खालची वाळू ओलसर, बुडाला थेंब, आणि पाणी दातांना लागेल इतकं गार. पावसाळ्यात त्याच माठातलं पाणी जेमतेम गार होतं. माठ काही बदललेला नसतो, बदललेली असते हवा. कोरड्या हवेत माठाच्या छिद्रांतून आलेल्या पाण्याची भराभर वाफ होते आणि दर ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते. दमट हवेत वाफ होणंच मंदावतं.

हाच माठ वेलाला पाणी द्यायला त्याच्या मुळांजवळ तोंडापर्यंत जमिनीत पुरला, तर पाणी ओढायचं काम हवेऐवजी माती करते. कोरड्या मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्या माठाच्या भिंतीतून पाणी खेचून घेतात. माती भिजली की ही ओढ कमी होते आणि पाझरही मंदावतो. मुळांनी ओल शोषली की ओढ पुन्हा वाढते. म्हणजे किती पाणी सोडायचं, ते वेलाची तहानच ठरवते. मातीच्या भांड्याला हे साधतं, याचं मला अजूनही नवल वाटतं. वरची माती कोरडीच राहत असल्याने उन्हाने पाणी उडत नाही आणि तणही कमी माजतं.

ही युक्ती फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या एका चिनी शेतीग्रंथात ती तपशिलाने सांगितली आहे: खड्ड्याच्या मधोमध मडकं पुरायचं, त्याचं तोंड जमिनीबरोबर ठेवायचं, भोवती खरबुजाच्या ४ बिया लावायच्या, वर कौल झाकायचं आणि पाणी उतरलं की पुन्हा भरायचं.

आपल्याकडे काकडी, कारली, दुधी अशा वेलांना ही रीत चांगली मानवते. अडचण आहे ती काळ्या मातीची. उन्हाळ्यात ती आकसते, भेगाळते आणि माठापासून सुटते. मध्ये हवेची फट पडली की मातीची ओढ माठापर्यंत पोचतच नाही. म्हणून माठाभोवती चाळलेली माती आणि शेणखत कालवून घट्ट दाबावं लागतं. झाकणही हवंच, नाहीतर आत डास होतात.

आणि पाणी गार करत नाही म्हणून बाजूला ठेवलेला जुना माठ पुरायचा मोह टाळा. बोअरच्या पाण्यातले क्षार बसून त्याची छिद्रं बुजलेली असतात, आणि जो माठ बाहेर पाझरत नाही, तो मातीतही पाझरत नाही. रंग दिलेल्या माठाचंही तेच. माठ भरून रात्रभर ठेवा, सकाळी बाहेरून हात फिरवा. तळहात ओला झाला तरच खड्डा खणायला घ्या.