चिकटवहीआधी बाड होते

आवडत्या पुस्तकासाठी चिकटवहीचे एक पान राखायचे आणि त्यावर मुखपृष्ठाची प्रत, लेखकाचा फोटो, परीक्षणाचे कात्रण, मनात बसलेला एखादा उतारा लावायचा. या छंदाच्या पोटात दोन जुन्या सवयी आहेत. एक उतरवून घेण्याची, दुसरी कापून चिकटवण्याची.

पहिली आपल्या ओळखीची. छापखाने येण्यापूर्वी अभंग, आरत्या, पदे बाडांत, म्हणजे हस्तलिखित वह्यांत, उतरवली जात. युरोपातले वाचक याच कामासाठी ‘कॉमनप्लेस बुक’ ठेवत. त्यात हवे ते सापडावे म्हणून इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने 1686 साली सूचीची एक रीत छापली. विषयाचे पहिले अक्षर आणि त्यापुढचा पहिला स्वर, एवढ्यावर नोंदीचे पान ठरे. बाराखडीत ही रीत आयतीच बसते: कविता ‘क’खाली, कादंबरी ‘का’खाली. वही जाड होऊ लागली की सजावटीपेक्षा ही सूचीच कामी येते.

कापण्याच्या सवयीची सुरुवात तितकीशी साळसूद नाही. जेम्स ग्रेंजरचा इंग्लंडमधील व्यक्तींचा चरित्रकोश 1769 साली निघाला आणि हौशी लोक त्यात चित्रे घालू लागले. त्यासाठी दुसरी पुस्तके फाडली गेली. एकोणिसाव्या शतकात रंगीत शिळाछापाची तयार चित्रे बाजारात आली. अमेरिकन लेखक मार्क ट्वेनने 1873 साली आधीच गोंद लावलेल्या पानांच्या वहीचे पेटंट घेतले. पान ओले करायचे की कात्रण चिकटले. बेळगावजवळच्या खानापूरच्या पावसात तसली वही मिटून ठेवली असती, तर पाने एकमेकांनाच चिकटली असती!

बेळगावात सार्वजनिक वाचनालय 1848 पासून आहे आणि ‘तरुण भारत’ 1919 पासून. वाचनालयाचे पुस्तक परत द्यायचे असते, म्हणून त्यातले उतरवून घ्यायचे. वर्तमानपत्र घरचे, म्हणून ते कापायचे. सीमाभागातल्या कात्रणांत साहित्य आणि सीमाप्रश्न वेगळे काढता येत नाहीत, कारण संयुक्त महाराष्ट्राचा ठराव 1946 च्या बेळगाव साहित्य संमेलनातच झाला. कडोली, उचगाव, येळ्ळूर इथल्या ग्रामीण संमेलनांच्या निमंत्रणपत्रिकाही अशा वहीत जपण्याजोग्या.

वर्तमानपत्राचा कागद मात्र दगा देतो. लाकडाच्या लगद्यातले लिग्निन नावाचे द्रव्य उजेडात पिवळे पडते, कागद बनवताना वापरलेल्या तुरटीच्या खळीमुळे आम्ल सुटते, कागद ठिसूळ होतो आणि डाग शेजारच्या पानावरही उतरतो. अमेरिकेत 1980 साली सॉल्ट लेक सिटीच्या वंशावळ परिषदेत क्रिस्टेन्सन कुटुंबाने आपल्या वह्या मांडल्या. त्यानंतर आम्लरहित कागद आणि 12 इंची चौकोनी पाने यांचा मोठा धंदा उभा राहिला. एवढे महाग सामान नसले तरी चालते. आम्लरहित कागदावर कात्रणाची लेझर झेरॉक्स काढून ती लावावी आणि मूळ कात्रण वेगळ्या पाकिटात ठेवावे. इंकजेटची शाई ओल लागताच पसरते.

चिकटवायला मैद्याची खळ उत्तम: 1 भाग मैदा, 5 भाग पाणी, मंद आचेवर ढवळत घट्ट करायची, गार झाल्यावर पातळ लावायची. बुकबाइंडर किडीसाठी तिच्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, घालत. पण तांबे कागदाला कमजोर करते, तेव्हा ते टाळावे. खळ दोन दिवसांत आंबते, लागेल तेवढीच करावी. फेव्हिकॉल एकदा वाळला की कात्रण सोडवता येत नाही, आणि जास्त लावला तर पान सुरकुततेच. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन पाझरतो. फोटोला कागदी कोपरेच बरे.

जून ते सप्टेंबर चिकटवण्याचे काम काढूच नये. खळ नीट वाळत नाही, बुरशी धरते आणि खळीच्या वासाला कसर येते. दिवाळीनंतरची कोरडी हवा चांगली. चिकटवलेले पान दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वजनाखाली रात्रभर दाबावे, नाहीतर ते वाकते.

बहुतेक वह्या पाठीजवळ बिघडतात. पाने कात्रणांनी जाड होतात, पाठ तेवढीच राहते, मग वही मिटत नाही. म्हणून शिवताना दर दोन पानांमध्ये बोटभर रुंदीची कोरी पट्टी घालावी, किंवा सुटी पाने भोके पाडून दोऱ्याने बांधावीत. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने प्रकाशक, आवृत्ती, साल आणि वाचनालयाचा दाखल क्रमांक लिहावा. पुढच्या आवृत्तीत मुखपृष्ठ बदलले, तर कोणती प्रत वाचली होती ते या एका ओळीवरून कळते.