‘ब्रिट’ चालते, मग ‘पाकी’ का नाही?

जानेवारी २००२ मध्ये भारत आणि पाकिस्तानची सैन्ये सीमेवर समोरासमोर उभी होती. युद्ध टळावे म्हणून अमेरिका काय करते आहे हे पत्रकारांना सांगताना अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी भारतीयांना ‘इंडियन्स’ म्हटले आणि पाकिस्तानी लोकांना ‘पाकीज’. अध्यक्षांना पाकिस्तानबद्दल आदरच आहे, असा खुलासा त्यांच्या प्रवक्त्यांना करावा लागला. बुश यांनी मुद्दाम अपमान केला असे कोणी सिद्ध केलेले नाही. तरीही ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई माणसाच्या कानाला तो शब्द शिवीसारखाच लागतो. ‘ब्रिटिश’चे ‘ब्रिट’ केले तर कोणी रागावत नाही, मग ‘पाकिस्तानी’चे ‘पाकी’ का खुपते?

इंग्रजीत लांब शब्द छाटणे नित्याचेच आहे. ऑस्ट्रेलियात तर छाटलेल्या तुकड्याला ‘ओ’ किंवा ‘ई’ जोडायची पक्की सवय आहे. आफ्टरनूनचे ‘आर्व्हो’ होते, जर्नालिस्टचे ‘जर्नो’ आणि ऑस्ट्रेलियनचे ‘ऑसी’. त्याच सवयीतून ॲबोरिजिनलचे, म्हणजे तिथल्या मूलनिवासीचे, ‘ॲबो’ झाले. ‘ऑसी’ हा शब्द तिथले लोक स्वतःसाठी अभिमानाने वापरतात. ‘ॲबो’ मात्र इतका घाणेरडा मानला जातो, की सभ्य माणूस तो उच्चारत नाही. भाषा, बोलणारे आणि छाटण्याची रीत सगळे सारखेच, म्हणजे दोष छाटण्यात नाही. पहिले नाव लोकांनी स्वतःला घेतले. दुसरे गोऱ्या वसाहतवाल्यांनी, ज्यांच्या जमिनी बळकावल्या त्यांना दिले. त्या मूलनिवासींना देशाच्या लोकसंख्येत न मोजण्याचे कलम राज्यघटनेतून जायला १९६७ चे सार्वमत यावे लागले.

‘जॅपनीज’ छाटून झालेल्या ‘जॅप’चा अमेरिकेतला प्रवासही असाच झाला. वर्तमानपत्राच्या अरुंद रकान्यात मावणारा तो एक सोयीचा शब्द होता. मग अमेरिकेच्या पर्ल हार्बर या नौदल तळावर जपानचा हल्ला झाला. १९ फेब्रुवारी १९४२ च्या अध्यक्षीय आदेशानंतर जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरेदारे सोडायला लावून छावण्यांत डांबले गेले, आणि त्यांतले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते. भित्तिपत्रकांवर, मथळ्यांत, दुकानांच्या पाट्यांवर हाच शब्द होता. टेक्सासमधल्या जेफरसन काउंटीत ‘जॅप रोड’ नावाचा रस्ता होता. तिथे भातशेती करायला आलेल्या एका जपानी शेतकऱ्याच्या सन्मानार्थ हे नाव दिले, असे गावकरी सांगत, आणि ते खोटे बोलत होते असे मानायचे कारण नाही. पण १९४२ नंतर त्या पाटीवरचा सन्मान कोणाला वाचता आला असता? २००४ मध्ये रस्त्याचे नाव बदलले.

ब्रिटनमधला ‘पाकी’ १९६० च्या दशकात रस्त्यावर आला. गोऱ्या तरुणांच्या टोळ्या दक्षिण आशियाई दिसणाऱ्या माणसाला गाठून मारत, आणि या मारहाणीला ‘पाकी-बॅशिंग’ हे नावच पडले. एप्रिल १९७० मध्ये पूर्व लंडनमध्ये तोसिर अली या पूर्व पाकिस्तानातून आलेल्या कामगाराचा खून झाला. हल्लेखोर पासपोर्ट बघत नसत. गुजराती दुकानदार, शीख बसचालक, बंगाली स्वयंपाकी, सगळे त्यांच्या लेखी ‘पाकी’च. लंडनमधल्या मराठी माणसालाही हीच हाक ऐकावी लागू शकते. राष्ट्रीयत्वाचे नाव अशा रीतीने कातडीच्या रंगाचे नाव होते, तेव्हा ते पुरते बिघडलेले असते.

अभ्यासकांनी याची कारणे शोधली आहेत. भाषाशास्त्रज्ञ ज्योफ्री नुनबर्ग यांच्या मते शिवीतला डंख तिच्या अर्थापेक्षा ती वापरणाऱ्या गटातून येतो. शब्द उचलला की बोलणारा त्या गटाच्या बाजूला जाऊन उभा राहतो. तत्त्वज्ञ रेने जॉर्गन्सन बोलिंजर शब्दाच्या निवडीवर बोट ठेवतात. ‘पाकिस्तानी’ हा साधा शब्द हाताशी आणि सर्वांना माहीत असताना दुसरा निवडला, तर ती निवडच ऐकणाऱ्याला काहीतरी सांगते.

एक सोपी चाचणी करून पाहा. ‘तो आळशी नाही’ म्हटले की आळशीपणाचा आरोप पुसला जातो. ‘तो पाकी नाही, भारतीय आहे’ म्हटले तरी अपमान तसाच राहतो. प्रश्न विचारा, ‘जर’ लावा, काही फरक पडत नाही. नकाराने न पुसली जाणारी गोष्ट वाक्याच्या विधानात नसते, शब्दाच्या निवडीत असते. ‘मी गमतीने म्हटले’ हा बचाव म्हणूनच तोकडा पडतो. इंग्लंडच्या यॉर्कशर क्रिकेट क्लबमध्ये पाकिस्तानी वंशाचे खेळाडू अझीम रफिक यांच्यासाठी ‘पाकी’ हा शब्द वापरला गेला होता. क्लबच्या चौकशीने ती मैत्रीतली थट्टा ठरवल्याचे २०२१ मध्ये बाहेर आले, तेव्हा प्रायोजक निघून गेले. २०२३ मध्ये वर्णद्वेषाच्या आरोपांवरून क्लबला ४ लाख पौंडांचा दंड झाला, त्यातले ३ लाख स्थगित ठेवले गेले. शिवाय काउंटी स्पर्धेतले ४८ गुणही कापले.

आता आपल्या मथळ्यांकडे येऊ. ‘पाकचा पराभव’ यातला ‘पाक’ हे देशाचे लघुरूप आहे, त्यात हरकत घेण्यासारखे काही नाही. धावफलकावरचे ‘पीएके’ही देशाचेच. जपानचा संकेत मात्र ‘जेपीएन’ लिहावा, पहिली तीन अक्षरे उचलू नयेत. ‘पाकी खेळाडू’ लिहिताना उपसंपादकाला फक्त जागा वाचवायची असते, पण तोच मजकूर इंग्रजीत जातो, किंवा तीच सवय घेऊन कोणी इंग्लंडमधल्या लेस्टरला नोकरीला जातो, तेव्हा शब्दाचा सगळा इतिहास अंगावर येतो. त्याऐवजी ‘पाक खेळाडू’ लिहिले तर जागा तेवढीच लागते.

‘पाकडे’ला तर जागेची सबबही नाही. ‘डा’ हा प्रत्यय तिथे तुच्छता दाखवण्यासाठीच लावलेला असतो, आणि तो सरकारला किंवा सैन्याला लागत नाही, त्या देशातल्या प्रत्येक माणसाला लागतो.

गुजराती, मल्याळी आणि बंगाली माणसांसाठीच्या ‘गुज्जू’, ‘मल्लू’, ‘बाँग’ यांचे भवितव्य अजून ठरायचे आहे. त्या समाजातली तरुण मंडळी हे शब्द आपसात खुशाल वापरतात. कार्यालयातल्या ईमेलमध्ये बाहेरच्याने लिहिले, तर गोष्ट वेगळी होते. शंका आली की पूर्ण नाव लिहावे, किंवा त्या माणसालाच विचारावे. आणि लघुरूप नसलेला पूर्ण शब्दही याच वाटेने जातो. ‘घाटी’ म्हणजे घाटावरचा माणूस, एवढाच त्याचा अर्थ. मुंबईत आणि गोव्यात तो कोणत्या सुरात म्हटला जातो, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.