बर्फाच्या टाकीची जागा : वजनाची वाटणी आणि वजनाचे सरकणे

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या गॅरेजमध्ये ड्रॅग शर्यतीसाठी, म्हणजे जागेवरून सुटून सरळ रस्त्यावर कमी अंतर धावण्याच्या शर्यतीसाठी, गाडी तयार होत असते आणि इंजिनात जाणारी हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या बर्फाची टाकी कुठे बसवायची हा प्रश्न निघतो, तेव्हा बहुधा एकच उत्तर ऐकू येते : ‘दादा, डिकीत टाका, वजन मागे जाईल, गाडी पकड घेईल.’ या उत्तरात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत. पहिली वजनाची वाटणी, म्हणजे गाडी उभी असताना पुढच्या आणि मागच्या चाकांवर किती किलो भार आहे ते. दुसरी वजनाचे सरकणे, म्हणजे गाडी जोराने सुटताना पुढच्या चाकांवरचा किती भार मागच्या चाकांवर जातो ते. पहिलीला गॅरेजमध्ये वेट डिस्ट्रिब्यूशन म्हणतात, दुसरीला वेट ट्रान्सफर. पण बोलण्याच्या ओघात दोन्हींचे ‘वजन मागे’ होऊन जाते आणि टाकी चुकीच्या जागी बसते.

फरक समजायला स्कूटर पुरेशी आहे. पाण्याचा 20 लिटरचा कॅन मागच्या सीटवर बांधून स्कूटर मधल्या स्टँडवरून खाली घेतली की मागचा टायर लगेच दबलेला दिसतो. स्कूटर जागची हललेलीसुद्धा नसते, ही वाटणी. हाच कॅन पायाजवळ ठेवला तर पुढच्या चाकालाही त्याचा बराच भाग उचलावा लागतो. आता कॅन कुठेही असो, सिग्नल सुटताच थ्रॉटल जोरात पिळला की पुढचे चाक हलके वाटते, हे सरकणे. वाटणी ठरते ती वजन पुढून मागे किती अंतरावर आहे यावर. सरकणे ठरते ते वजन जमिनीपासून किती उंचावर आहे, वेग किती झपाट्याने वाढतो आहे आणि दोन चाकांमधले अंतर किती आहे यावर.

आता टाकीकडे येऊ. टर्बोने, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राने, दाबलेली हवा तापते आणि तापलेल्या हवेत प्राणवायू कमी मावतो, म्हणून ती इंटरकूलरमध्ये थंड करावी लागते. नुसत्या वाऱ्यावर चालणारा इंटरकूलर हवेला बाहेरच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही आणि मे महिन्यातल्या ठाण्यात ही मर्यादा चांगलीच जाचते. म्हणून पाण्यावर चालणाऱ्या इंटरकूलरमधून बर्फाचे पाणी पंपाने फिरवतात. 1 किलो बर्फ वितळताना सुमारे 334 किलोज्यूल उष्णता घेतो, म्हणजे तेवढेच पाणी 80 अंशांनी तापवायला लागेल जवळपास तेवढी. इंजिन सेकंदाला 0.3 किलो हवा ओढते आणि ती हवा 100 अंशांनी थंड करायची आहे असे धरले, तर 12 सेकंदांच्या धावेत साधारण 360 किलोज्यूल उष्णता काढावी लागते. ती जेमतेम 1 किलोहून थोड्या अधिक बर्फात निघते. रांगेत थांबण्याचा वेळ, टायर तापवण्याचा बर्नआउट आणि नळ्यांमधून शिरणारी उष्णता यांसाठी जास्तीचा बर्फ लागतो हे खरे, तरी भली मोठी टाकी बसवण्याआधी हा हिशेब प्रत्येकाने एकदा करावा, असे मला मनापासून वाटते. जे वजन गाडीत चढतच नाही, त्याची जागा शोधावी लागत नाही.

उदाहरणासाठी पाणी, बर्फ आणि टाकी मिळून 25 किलो धरू. गाडी 1,200 किलोंची, पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर 2.5 मीटर. टाकी डिकीत, मागच्या आसाच्याही अर्धा मीटर मागे ठेवली तर मागच्या चाकांवर 30 किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे 5 किलो कमी होतात, कारण आसाबाहेर टांगलेले वजन तरफेप्रमाणे दुसरे टोक उचलते. शेजारच्या सीटच्या जागी, पुढच्या आसापासून 1.4 मीटर मागे ठेवली तर मागे 14 आणि पुढे 11 किलो. पुढच्या बंपरमागे, आसाच्या 0.7 मीटर पुढे ठेवली तर पुढे 32 किलो वाढतात आणि मागचे 7 कमी होतात. ही झाली वाटणी.

सरकण्याचे आकडे वेगळेच दिसतात. गाडी गुरुत्वत्वरणाइतक्या त्वरणाने सुटली आणि टाकीचा मध्य जमिनीपासून 40 सेंटिमीटरवर असला, तर टाकीमुळे मागे सरकणारा भार 4 किलो. टाकी उचलून 80 सेंटिमीटरवर नेली तर 8 किलो. यात टाकी डिकीत आहे की नाकाशी, याने काहीही फरक पडत नाही. संपूर्ण गाडीचा गुरुत्वमध्य अर्ध्या मीटरवर असेल तर तिचे स्वतःचेच 240 किलो मागे सरकतात. त्यात टाकीचा वाटा किरकोळ आहे. म्हणजे टाकीच्या बाबतीत खरा निर्णय वाटणीचा आहे. सरकणे वाढावे म्हणून टाकी उंच फळीवर बसवणारे चार किलोंसाठी फळी, ब्रॅकेट आणि गळतीची जोखीम पत्करतात.

गाडी सुटताना मागून खाली बसली म्हणजे वजन भरपूर सरकले, हाही याच गोंधळाचा भाग आहे. मऊ स्प्रिंग गाडीला अधिक बसवते, कडक स्प्रिंग कमी. सरकणाऱ्या किलोंचा आकडा मात्र उंची, त्वरण आणि आसांमधले अंतर यांवरच ठरतो. स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर बदलून तो भार किती लवकर पोहोचतो एवढेच बदलते.

आपल्याकडे या फरकाला अधिक महत्त्व येते, कारण ठाणे आणि नवी मुंबईत तरुण ज्या हॅचबॅक आणि सेडान तयार करतात त्यांतल्या बहुतेकींची पुढची चाके ओढणारी असतात. अशा गाडीत सरकणे हा शत्रूच आहे. नेमक्या ज्या चाकांना पकड हवी त्यांच्यावरून ते भार काढून घेते. वरच्याच आकड्यांत, टाकी 40 सेंटिमीटर उंचीवर धरून, डिकीतल्या टाकीमुळे पुढची चाके सुटताना 9 किलोंनी हलकी होतात, तर नाकाशी ठेवलेल्या टाकीमुळे 28 किलोंनी जड. फरक 37 किलोंचा, तोही एकाच टाकीने. डिकीचा सल्ला मागच्या चाकांनी ढकलणाऱ्या गाडीसाठी योग्य आहे. पुढच्या चाकांच्या गाडीत तो आंधळेपणाने घेणे म्हणजे पैसे खर्चून पकड घालवणे होय.

मागची चाके ढकलणाऱ्या गाडीतही अमेरिकेतल्या गाडीचे छायाचित्र पाहून टाकीची जागा ठरवू नये. अखंड मागचा आस असलेल्या गाडीत इंजिनाचा पीळ प्रोपेलर शाफ्टमधून, म्हणजे मागच्या आसापर्यंत ताकद नेणाऱ्या लांब दांड्यातून, आसावर येतो आणि साधारणपणे उजवे मागचे चाक हलके करतो. तिथे चालक डावीकडे बसतो, म्हणून उजवीकडची टाकी चालकाचे वजनही तोलते आणि हलके होणारे चाकही दाबते. आपल्याकडे चालक उजवीकडेच आहे. डाव्या सीटच्या जागी ठेवलेली टाकी चालकाचा तोल साधते, पण उजव्या मागच्या चाकाला काही देत नाही. तेव्हा डिकीच्या उजव्या कोपऱ्याचा विचार आधी करावा.

टाकीच्या पोटातले पाणीही स्वतः सरकते, हे शेवटचे पण पंपाच्या दृष्टीने सर्वांत निकडीचे. गुरुत्वाइतक्या त्वरणाला पाण्याचा पृष्ठभाग 45 अंशांनी कलतो आणि पाणी मागच्या भिंतीला चढते. पंपाकडे जाणारे तोंड टाकीच्या पुढच्या बाजूस असेल तर नेमक्या सुटण्याच्या क्षणी पंप हवा ओढतो. म्हणून तोंड मागे आणि तळाशी, त्याला जाळी, आत आडवे पडदे, आणि परतीचे पाणी वरून बर्फावर पडेल अशी नळी हवी. टाकी डिकीत गेली की नळ्या लांबतात. 19 मिलिमीटर आतील व्यासाच्या 8 मीटर नळीत सव्वादोन किलोंहून थोडे अधिक पाणी मावते आणि तेही वाटणीत धरावे लागते.

टाकी पक्की करण्याआधी ती खुणेपर्यंत भरून, चालकाला सीटवर बसवून गाडी चार चाकांखालच्या चार स्वतंत्र काट्यांवर तोलावी. ट्रकच्या वजनकाट्यावर पाच-दहा किलोंचा फरक नीट कळत नाही. बर्फ वितळल्याने वजन बदलत नाही. पण दोन धावांमध्ये पाणी काढून नवा बर्फ घातला, तर दर वेळी त्याच खुणेपर्यंत भरावे, नाहीतर काट्यावर घेतलेला आकडा दुसऱ्या धावेला लागू राहत नाही.